साहेबाच्या घरी आंब्याची पेटी

प्रश्न : मुलगा २९ वर्षांचा, ऐरोलीला सॉफ्टवेअर इंजिनियर. सहा वर्षं झाली तरी हाताखाली एक माणूस नाही. मॅनेजरशी पटत नाही, नोकरी बदलतो म्हणतो. गणपतीत आरती चालू असताना पडवीत लॅपटॉप घेऊन बसला, म्हणून पाहुण्यांसमोर मी बोललो. यंदा साहेबासाठी हापूसच्या दोन पेट्या पाठवल्या, त्यावरही चिडला. एमबीए करायला लावू का?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : एमबीएचं आधी उरकतो. कॅट ही प्रवेशपरीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस असते, राज्याची सीईटी वेगळी. त्याला स्वतःला रस असेल तर द्यावी. साहेब चुकवायला दोन वर्षं आणि लाखो रुपये घालू नयेत.

मला घोर लागलाय तो पेट्यांचा. ज्याच्याबद्दल पोरगा तक्रार करतो, त्याच्याच दारात त्याने तुमची पेटी घेऊन उभं राहायचं? टीममधल्या इतरांनी काय समजायचं? बऱ्याच कंपन्यांत तर भेटी घेण्यावर नियम असतात. चिडला ते बरोबरच. आणि त्या आरतीचं म्हणाल, तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणजे त्याने दोन महिने आधी बेत करून, धडपडून घर गाठलं असणार. तिथेही साहेबाने काम लावलं, आणि बोलणी तुमची खाल्ली.

'हाताखाली माणसं नाहीत' हे तर डोक्यातून काढाच. सॉफ्टवेअरमध्ये बढतीच्या वाटा दोन. एक मॅनेजरची, दुसरी तांत्रिक : सीनियर, मग स्टाफ, मग प्रिन्सिपल इंजिनियर. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या मोठ्या, म्हणजे प्रॉडक्ट, कंपनीत प्रिन्सिपल इंजिनियरच्या हाताखाली बहुधा कुणी नसतं, पण सिस्टिम कशी बांधायची ते तो ठरवतो, अनेक टीम त्याप्रमाणे काम करतात, आणि पगार मॅनेजरच्या तोडीचा किंवा जास्तही असतो. मात्र काही कंपन्यांत ही दुसरी वाट फक्त कागदावर असते. मुलाच्या कंपनीत ती खरोखर आहे का, हे त्यालाच विचारा.

राहिला मॅनेजर. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासताना, ओळीओळीला चूक काढणारा साहेब छळवादी वाटतो, पण त्याच्याकडे माणूस शिकतो. दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवणारा आणि अप्रेझल, म्हणजे कामाचं मूल्यमापन, आलं की 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारा, त्याच्यापाशी थांबण्यात अर्थ नाही. मुलाचा साहेब यातला कुठला, तुमच्या पत्रावरून कळत नाही. तुम्ही त्याला विचारलेलंच दिसत नाही.

दुसरा प्रकार असेल तर त्याने बढतीसाठी नेमकं काय हवं ते मेलवर लिहून मागावं, केलेल्या कामाची नोंद ठेवावी, दुसऱ्या टीममध्ये बदली मिळते का पाहावं. नाहीच जमलं तर नोकरी बदलू दे. रागात राजीनामा मात्र नको : नोटीस पिरियड बहुतेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांचा असतो, आधी हातात ऑफर लेटर हवं. पीएफ बुडेल ही भीती नको. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, रक्कम नव्या खात्यात वळवता येते.

आणि यातलं काही त्याला माझ्या नावावर ऐकवू नका. विचारायचं असेल तर तो मला लिहील, २९ वर्षांचा आहे.