आडनावाआधी विवाहनोंद

कॅनडातील फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातल्या पूर्वजांचा शोध घेताना आजोबांच्या आडनावावरून थेट सतराव्या शतकात उडी घेऊ नका. स्वतःपासून एकेक पिढी मागे जात आधी विवाहनोंद मिळवा, कारण कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, दप्तरात पहिल्या विवाहाच्या वेळी वधूवरांच्या आईवडिलांची नावे बहुधा लिहिलेली असतात आणि स्त्रियांची नोंद माहेरच्याच आडनावाने होत असल्याने आईकडची शाखाही हाती लागते. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाच्या खर्चाने आलेल्या तरुणींपर्यंत, म्हणजे ‘फिय द्यु र्वा’पर्यंत, अनेक वंशावळी अशाच पोहोचतात.

खरी मेख ‘दि’ या फ्रेंच शब्दात आहे. ‘मिव्हिल दि देशेन’ म्हणजे ‘देशेन म्हणून ओळखला जाणारा मिव्हिल’. पुढे एका भावाची मुले पहिले आडनाव लावतात, तर दुसऱ्याची दुसरे. मी स्वतः अशी दोन भावंडे कित्येक महिने परकी मानून बसलो होतो! अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेलेल्यांच्या बाबतीत तर ‘ब्वाव्हेर’ आडनावाचा इंग्रजीत शब्दशः अनुवाद होऊन ‘ग्रीनवुड’ झालेला दिसतो. म्हणून प्रत्येक पर्यायी आडनाव टिपून ठेवा आणि पॅरिशची नोंद गहाळ असल्यास नोटरीकडील विवाहकरार पाहा. तिथे हुंडा, जमीन, क्वचित गायसुद्धा नोंदलेली आढळते.