मागच्या दारापर्यंतची गृहभेट

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यापासून तुझा पेडणे तालुक्यात सामुदायिक आरोग्याचा अनुभवकाळ सुरू होतो आहे. वजन, लसीकरण, हिमोग्लोबिन हे तू पाहशीलच. मी शिशाविषयी लिहिते, कारण त्या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झाली आहे.

शापोरा नदीकाठच्या एका घरी अडीच वर्षांच्या मुलाला मी तीन महिने लोहाचे औषध देत होते, तरी त्याचे हिमोग्लोबिन वाढत नव्हते. औषध चुकवता का, असे मी त्याच्या आईला दर खेपेस विचारी. ती नाही म्हणे आणि माझा विश्वास बसत नसे. चौथ्या भेटीत सहज मागच्या पडवीत गेले, तर मुलाचे वडील चुलीवर जुन्या डब्यात शिसे वितळवून पागेराला, म्हणजे फेकून मासे धरायच्या जाळ्याला, लावायच्या गोळ्या ओतत होते आणि शेजारी बसलेले मूल निवलेली एक गोळी गालात धरून चोखत होते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्याला घरची चूल पुरते. शिरेतले रक्त तपासले, तेव्हा त्यात शिशाचे प्रमाण वाढलेले निघाले.

पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १० टक्के शोषले जाते, लहान मुलाच्या ४० ते ५० टक्के, आणि अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर त्याहूनही अधिक. ते हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते, वाढत्या मेंदूला इजा करते, आणि बहुतेक वेळा बाहेरून काहीही दिसत नाही. सुरक्षित म्हणावे असे प्रमाणच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले, की ते कुठून येते हे शोधून बंद करायचे असते. शिसे बाहेर काढणारी औषधे साधारण ४५च्या पुढे विचारात घेतात. त्याखाली स्रोत दूर करणे हाच मुख्य उपचार आहे, आणि तो स्रोत दवाखान्यात बसून सापडत नाही. म्हणून हे काम मी परिचारिकेचे मानते.

गणेश चवथीपूर्वीची रंगकामे विसरू नकोस. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचे थर जुन्या घरांच्या दारा-खिडक्यांवर अजून असू शकतात आणि ते कोरडे खरवडले की धूळ रांगत्या मुलाच्या हातावर येते. खरवडण्यापूर्वी पृष्ठभाग ओला करावा, काम संपेपर्यंत मुलांना आजोळी ठेवावे आणि नंतर जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, एवढे घरोघरी सांग.

वडिलांशी बोलताना त्यांच्या धंद्याला दोष देऊ नकोस. त्या गृहस्थांना मी नीट समजावले, तेव्हा त्यांनी घरी शिसे वितळवणे सोडले आणि ते तयार गोळ्या आणून कुलपात ठेवू लागले. त्या आईची मात्र मला क्षमा मागावी लागली.

पोचल्यावर आधी अंगणवाडी सेविकेला भेट. कोणत्या घरी पागेर तयार होतात, कोण शिशाच्या जुन्या बॅटऱ्या फोडतो आणि यंदा कोणाचे रंगकाम आहे, हे तिला ठाऊक असते.

तुझी,
बाई