वाचकांच्या शंका : एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आले, पुढे काय?

प्रश्न : माझ्या यजमानांना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीच्या कण्याचा संधिवात) आहे आणि त्यांचा एचएलए-बी२७चा अहवाल पॉझिटिव्ह आला. त्यानंतर थोरल्या दिरांनीही तपासणी करून घेतली. त्यांचाही अहवाल पॉझिटिव्ह आहे, पण पन्नाशी उलटली तरी त्यांची पाठ कधी धरलेली नाही. दोघा भावांत एकच गोष्ट असताना आजार एकालाच का झाला? आमच्या बारा वर्षांच्या मुलीची तपासणी करावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. मुलीला काही त्रास होत नसेल तर तपासणी करू नये. असे का, ते कळण्यासाठी हा रेणू शरीरात काय करतो ते थोडे पाहावे लागेल.

एचएलए ही आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिने असून त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांतला पहिला प्रतिजन फ्रान्सच्या जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये ओळखला. अवयव-प्रत्यारोपणापूर्वी दाता आणि रुग्ण यांच्यात जुळवून पाहतात ती हीच प्रथिने. मात्र निसर्गाने ती प्रत्यारोपणासाठी घडवलेली नाहीत. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे छोटे तुकडे, बहुधा नऊ अमिनो आम्लांचे, पृष्ठभागावर आणून रोगप्रतिकारक टी पेशींना दाखवणे हे एचएलए प्रथिनांपैकी एक असलेल्या बी२७चे खरे काम. तुकडा विषाणूचा निघाला तर टी पेशी त्या पेशीचा नाश करतात. या रेणूच्या माथ्यावर एक लांबट खाच असते आणि तिच्या तळाशी लहान खळगे असतात. कोणता तुकडा खाचेत बसेल हे त्या खळग्यांच्या घडणीवर ठरते. बी२७च्या एका खळग्याला तुकड्यातले दुसरे अमिनो आम्ल अर्जिनिनच लागते. शेवटचे अमिनो आम्ल ज्या खळग्यात बसते, त्याच्या तळाशी रेणूच्या साखळीतले ११६ वे स्थान येते आणि आपल्या प्रश्नाशी या स्थानाचा जवळचा संबंध आहे.

बी२७ आणि हा आजार यांचे नाते १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. लंडनच्या पाहणीत ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत बी२७ आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांपैकी अवघ्या तिघांत. एवढे घट्ट नाते वैद्यकात क्वचितच दिसते, म्हणून बी२७ म्हणजेच आजार असा समज रूढ झाला आणि तो आजही अनेक घरांत विनाकारण धास्ती पसरवतो. प्रत्यक्षात बी२७ असलेल्या शंभर जणांपैकी साधारण एक ते पाच जणांनाच हा आजार होतो. आपले थोरले दीर त्या बहुसंख्यांपैकी आहेत, त्यांच्याबाबत अपवादात्मक असे काही घडलेले नाही.

शिवाय बी२७ हा एकच रेणू नसून तो अनेक उपप्रकारांचा गट आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत मुख्यतः आढळणारा २७:०५ आजाराशी निगडित आहे. सार्डिनिया बेटावर आढळणारा २७:०९ त्याच्यापासून एकाच अमिनो आम्लाने वेगळा आहे : ११६ व्या स्थानी २७:०५ मध्ये अ‍ॅस्पार्टिक आम्ल असते, तर २७:०९ मध्ये हिस्टिडिन. तरीही २७:०९ असलेले या आजाराचे रुग्ण अगदी तुरळक सापडले आहेत. आग्नेय आशियातही तसेच दिसते. तिथला २७:०४ आजाराशी निगडित आहे, पण ११४ आणि ११६ या दोन स्थानी त्याहून वेगळा असलेला २७:०६ निगडित नाही. अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा विद्युतभार ऋण असल्यामुळे शेवटी धनभारित अमिनो आम्ल असलेले तुकडेही २७:०५च्या खळग्यात बसतात. हिस्टिडिन आले की त्यांना तिथे थारा मिळत नाही. म्हणजे दोन्ही रेणू टी पेशींना दाखवतात ते तुकडे काही अंशी वेगळे असतात. सार्डिनियातल्या फरकात शेजारच्या जनुकांचाही वाटा असावा, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

उपप्रकारावरून दोघा भावांतला फरक मात्र उलगडत नाही. एकाच आईकडून किंवा वडिलांकडून आलेले असल्याने दोघांचे बी२७ बहुधा तंतोतंत सारखेच असणार, आणि भारतात प्रामुख्याने आढळणारे २७:०५ व २७:०४ हे दोन्ही उपप्रकार आजाराशी निगडितच आहेत. फरक इतर जनुकांत आणि नशिबात शोधावा लागतो. उदाहरणार्थ, खाचेत बसण्यापूर्वी तुकडे कातरून आखूड करणाऱ्या ईआरएपी१ या विकराच्या काही प्रकारांमुळे धोका बदलतो, आणि २०११ मध्ये असे दिसले की हा परिणाम बी२७ असलेल्यांतच होतो. दाखवला जाणारा तुकडा महत्त्वाचा असल्याचा हा भक्कम पुरावा मला वाटतो. डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रुग्णांच्या सांध्यांतील आणि डोळ्यांतील टी पेशी तपासल्या, तेव्हा त्यांचे ग्राहक (तुकडा ओळखणारी पृष्ठभागावरची प्रथिने) जिवाणूंचे काही तुकडे आणि आपल्याच प्रथिनांचे काही तुकडे, दोन्ही ओळखतात असे आढळले. बी२७ची घडी नीट न पडल्याने पेशीवर ताण येतो आणि दाह सुरू होतो, असाही एक पक्ष आहे, आणि तोही अद्याप निकालात निघालेला नाही.

हाच रेणू एचआयव्हीच्या संसर्गात उपकारक ठरतो, हे जाता जाता सांगितले पाहिजे. विषाणूच्या एका प्रथिनातील दहा अमिनो आम्लांचा तुकडा, ज्यात दुसरे अर्जिनिन आणि शेवटचे धनभारित लायसिन असते, तो या खाचेत चपखल बसतो, आणि अशा रुग्णांत आजार सामान्यतः सावकाश वाढतो.

आता मुलीविषयी. तिच्यात बी२७ येण्याची शक्यता निम्मी आहे. आले असेल तर घरात रुग्ण असल्यामुळे तिचा धोका इतरांपेक्षा जास्त, साधारण १० ते २० टक्क्यांच्या घरात धरावा. मात्र आजार होऊ नये म्हणून आज देता येईल असे कोणतेही औषध नाही, आणि उपप्रकार नेहमीच्या अहवालात छापलेला नसतो. त्यापेक्षा लक्षणांकडे लक्ष ठेवावे. मुलांत हा आजार पाठीऐवजी टाच, घोटा किंवा गुडघा यांपासून सुरू होण्याचा संभव अधिक असतो. पुढे तरुणपणी पाठ तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहिली, सकाळी ताठरली आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने मोकळी झाली, तर संधिवाततज्ज्ञांकडे जावे. डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सोसेनासा झाला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : टाइप १ मधुमेहाचाही एचएलएशी असाच संबंध आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे, पण तो एचएलएच्या दुसऱ्या वर्गातील रेणूंशी, प्रामुख्याने डीक्यू आणि डीआर यांच्याशी. डीक्यूच्या बीटा साखळीतील ५७ व्या स्थानाचे महत्त्व स्टॅनफर्डच्या टॉड, बेल आणि मॅकडेविट यांनी १९८७ मध्ये दाखवले. तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल असले तर बहुधा संरक्षण मिळते. त्याऐवजी अ‍ॅलॅनिन असले, जसे डीक्यू८ मध्ये असते, तर धोका वाढतो. अ‍ॅस्पार्टिक आम्ल समोरच्या अल्फा साखळीतील अर्जिनिनला धरून ठेवते. ते नसले की अर्जिनिन मोकळे राहते आणि ऋणभारित टोकाचे तुकडे खाचेत बसू लागतात. जे अमिनो आम्ल बी२७मध्ये आजाराच्या बाजूने दिसते तेच इथे राखण करते, म्हणून एखाद्या अमिनो आम्लावर चांगले-वाईट असा शिक्का मारण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मुलाची वाढ खुंटल्याने, गव्हातील ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराच्या म्हणजे सीलिअ‍ॅकच्या शंकेवरून केलेल्या तपासणीत डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही निगेटिव्ह आले. तोवर आम्ही त्याची चपाती बंद केली होती. आता काय करावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : सीलिअ‍ॅकच्या जवळजवळ सर्व रुग्णांत या दोहोंपैकी एक रेणू असतोच, म्हणून आपल्या मुलाला हा आजार असण्याची शक्यता फारच कमी आहे. बी२७चा अहवाल निगेटिव्ह आला तरी पाठीचा आजार असू शकतो, मात्र इथे निगेटिव्ह अहवालाला मोठे वजन आहे. आहारातून गहू काढल्याने जनुकांच्या तपासणीत फरक पडत नाही, पण रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी मात्र फसवी ठरू शकते, हे डॉक्टरांच्या कानावर घालावे. वाढ खुंटण्याची इतर कारणे त्यांच्याकडून शोधून घ्यावीत आणि त्यांच्या सल्ल्याने चपाती पुन्हा सुरू करावी.