कॅमेरा कपाटात गेलाय, बाहेर कसा काढू?

प्रश्न: ८ महिन्यांपूर्वी मोठ्या हौसेने कॅमेरा घेतला, सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स आहे. सुरुवातीला दिसेल त्याचे फोटो काढत सुटलो होतो, आता महिनाभर बॅटरी पण चार्ज केलेली नाही. घरातले फोटो हलतात, बाहेरचे फोनपेक्षा फिके येतात आणि लोकांचे इन्स्टाग्रामवरचे फोटो बघितले की वाटतं आपल्याला काही जमणार नाही हे. घरचे म्हणतात नव्याचे नऊ दिवस होते, संपले. नवी लेन्स घेतली तर परत उत्साह येईल का?

उत्तर: येईल ना, खोटं कशाला बोलू, मलाही आला होता आणि तीन आठवडे टिकला. पण तुमचं पत्र वाचून मला कंटाळ्यापेक्षा हिरमोड जास्त दिसतोय, आणि फोटो हलणं, फिके येणं ही दोन्ही दुखणी साधी आहेत.

आधी फिकेपणा. फोन एका क्लिकमध्ये बऱ्याच फ्रेम्स घेऊन त्या जोडतो, सावल्या उजळतो, रंग चढवतो, कडा धारदार करतो, आणि हे सगळं तुम्हाला न विचारता. तुमचा कॅमेरा रॉ वर (म्हणजे सेन्सरने टिपलं तसंच साठवण्यावर) असेल तर त्यातून निघते ती कच्ची फाइल, ती फिकी दिसणारच, फोटो अजून व्हायचाय तिचा. एडिटिंग अ‍ॅपमध्ये व्हाइट बॅलन्स (रंगांचा पिवळेपणा-निळेपणा), एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) आणि थोडा काँट्रास्ट एवढंच करून बघा. पाच मिनिटं लागतात. एडिटिंग म्हणजे चीटिंग असं कोणी सांगितलं असेल तर सोडून द्या, फोन दिवसभर तेच करतो.

आता हलणं. ही लेन्स ५५ वर झूम केली की साधारण एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं), त्यात घरातला संध्याकाळचा उजेड म्हणजे आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूपच कमी असतो, आणि नॉइज म्हणजे दाणे येतील म्हणून तुम्ही आयएसओ, म्हणजे उजेड वाढवून घ्यायचं सेटिंग, १०० ला धरून बसला असाल (सगळेच बसतात) तर बिचारा कॅमेरा शटर १/१५ सेकंदावर किंवा त्याहूनही हळू नेणार, मग फोटो हलणार नाही तर काय. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरचं पोर पळालं तर त्यावर त्याच्याकडे इलाज नाही. शटर प्रायॉरिटीवर (शटर तुम्ही ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो) १/२५० ठेवा, आयएसओ ऑटो करा, ३२००-६४०० पर्यंत जाऊ द्या आणि माणसाला खिडकीजवळ आणा. दाणेदार फोटो चालून जातो हो, हललेला नाही जात.

लेन्स घ्यायचीच असेल तर ५० एमएम एफ १.८, ती एफ ५.६ च्या मानाने जवळजवळ १० पट उजेड आत घेते. पण आत्ता नको. आधी एक महिना आहे तीच लेन्स ३५ वर ठेवून झूमला हात लावू नका, पुढेमागे व्हायचं ते पायांनी. क्रॉप सेन्सर (फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असेल तर ३५ म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या ५० च्या आसपास, आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँ या नावाजलेल्या फ्रेंच फोटोग्राफरने आयुष्यभर बहुतेक काम ५० वरच केलं.

आणि आठवड्याला फक्त ३६ फोटो, पूर्वी एका रोलमध्ये यायचे तेवढेच. रविवारी ते सगळे मोठ्या स्क्रीनवर बघायचे आणि फसलेल्या प्रत्येक फोटोपुढे कारण लिहायचं, एका शब्दात. हलला, फोकस, मागची गर्दी, असं. मी हे केलं तेव्हा कळलं की माझे निम्मे फोटो एकाच चुकीने जातायत, फोकस कुठे धरायचा ते कॅमेऱ्यावर सोडलं होतं आणि कॅमेरा माणूस सोडून मागच्या झाडाला पकडत होता. दोन वर्षं मी लेन्सला शिव्या घालत होतो!

इन्स्टाग्रामचं म्हणाल तर तिथे लोक निवडून एक फोटो टाकतात, तुम्ही तो स्वतःच्या अख्ख्या कार्डाशी लावून बघताय. व्हिव्हियन मायर नावाची बाई अमेरिकेत मुलं सांभाळायचं काम करायची, तिने १ लाखाच्या वर फोटो काढले आणि जवळजवळ कोणालाच दाखवले नाहीत, २००७ मध्ये तिचं सामान लिलावात गेलं, त्यानंतर कुठे ते जगाला कळले. तसं अगदी लपवून ठेवा असं नाही म्हणत मी, पण महिनाभर टाकू नका. फारतर एखाद्या अशा मित्राला दाखवा जो 'मस्त' म्हणून मोकळा होत नाही.

प्रश्न: मॅन्युअल मोड (शटर, एफ, आयएसओ सगळं स्वतः ठरवणं) आल्याशिवाय फोटोग्राफर म्हणवून घ्यायचं नाही असं एका सिनियरने सांगितलं, खरंय का?

उत्तर: नाही. शिका जरूर, उजेड बदलत नसेल तिथे फार कामाचा आहे तो. बाकी त्या सिनियरना एकदा विचारा, फोकस पण मॅन्युअलच करता का म्हणून.