मंजुरीवाचून ब्रँड नाही

प्रश्न : माझी नात अमेरिकेत फार्मासिस्ट आहे. मेडिकेड या सरकारी विम्यावरच्या रुग्णाला डॉक्टरांनी लिहून दिलेले ब्रँडचे औषधसुद्धा पुष्कळदा आधी मंजुरी घेतल्याशिवाय देता येत नाही, असे ती सांगते. चिठ्ठी हातात असताना ही अडवणूक कशाला?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्याकडे १९४५च्या औषध नियमांप्रमाणे अनुसूची ‘एच’मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीतील, औषधाच्या जागी त्याच घटकाचे दुसरे औषध दुकानदाराला परस्पर देता येत नाही, त्यामुळे आपल्याला हा प्रकार उफराटा वाटणे स्वाभाविक आहे. तिथे पैसे सरकार भरते, म्हणून त्याच घटकाचे स्वस्त जेनेरिक, म्हणजे ब्रँडच्या नावाशिवाय विकले जाणारे औषध, मिळत असेल तर बहुतेक राज्ये आधी त्याचाच आग्रह धरतात आणि ब्रँडच का हवा, याचे वैद्यकीय कारण डॉक्टरांनी कळवायचे असते. आपली नात संगणकावरून दावा पाठवते, तो नाकारला जातो, मग ती दवाखान्याला फोन लावते. खिडकीशी उभा असलेला रुग्ण मात्र चिडतो तो तिच्यावरच.

१९९०च्या संघीय कायद्याने मंजुरीच्या विनंतीला २४ तासांत उत्तर देणे आणि तातडीच्या प्रसंगी निदान ७२ तासांपुरते औषध मिळण्याची सोय ठेवणे बंधनकारक केले आहे. आमच्या मते यातली दुसरी तरतूद अधिक मोलाची आहे, कारण शुक्रवारी संध्याकाळी फिटच्या गोळ्या संपलेल्या माणसाला सोमवारी दवाखाना उघडेपर्यंत थांबा, असे सांगता येत नाही.