पुण्याहून बाइकवर गोव्याला जाताना थांबायचे तुमचे आवडते कॅफे आणि बार कोणते?

दोघे मित्र, दोन बाइक, पहिलीच मोठी राइड आणि आंबोलीमार्गे जायचं नक्की, असं तुम्ही लिहिलंय. त्यातलं बारचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते छोटं आहे: वाटेतला एकही नाही.

पुणे ते बांदा या रस्त्याला परमिट रूमची कमी नाही. 'ऊन फार आहे, एकच बियर मारू' म्हणणाराही प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. त्याला आकडा सांगून ठेवा. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, दुपारची थंड बियर पोटात गेल्यावर जॅकेट-हेल्मेट चढवून आंबोलीची वळणं घ्यायची म्हणजे झोपेशी कुस्ती आहे. माझा नियम साधा आहे. बाइक रात्रीसाठी लागली, खोलीची किल्ली हातात आली, की मग बार. त्यामुळे माझ्या यादीतला बार थेट पणजीत येतो. तोपर्यंत चहा, मिसळ, मासे.

थांबायची जागा निवडताना मी पाटी बघत नाही, टेबल बघतो. बसल्या जागेवरून बाइक दिसली पाहिजे. सॅडलबॅग, टँकबॅग, बंजी कॉर्डने बांधलेलं रेनकोटाचं गाठोडं, हे सगळं दर वेळी सोडून आत न्यायचं म्हटलं तर दहा मिनिटांच्या चहाला अर्धा तास जातो. म्हणून हायवेवरचे मोठे फूड मॉल मला पटत नाहीत. पार्किंग एका टोकाला, काउंटर दुसऱ्या टोकाला, मध्ये कुपनाची रांग. त्यात तीन व्होल्वो एकदम आल्या की चहा मिळेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं. तिथलं टॉयलेट मात्र वापरा. त्या बाबतीत ते खरंच उपयोगाचे आहेत.

आता निघू. पहाटे पाचला निघणार असाल, आणि निघाच, तर डेक्कनचं गुडलक विसरा. १९३५ पासूनचा इराणी, बन मस्का आणि चहाला तोड नाही, पण तो उघडेपर्यंत तुम्ही खंबाटकी चढलेले असायला हवं. गुडलक राइडच्या आदल्या संध्याकाळी, नकाशा पसरून भांडायला ठेवा. पहाटे स्वारगेट-कात्रजच्या बाजूला एखादं अमृततुल्य उघडलेलं सापडतं. पितळी पातेल्यातला आलं-वेलचीचा गोड चहा, सोबत क्रीमरोल, पुढे चला.

नसरापूर-शिरवळ पट्ट्यात श्रीराम वडापाव आणि त्याची भावंडं लागतात. वडा गरम असतो, जागा मोठी आहे, रविवारी पुण्यातले अर्धे बाइकवाले तिथेच भेटतात. मला तिथली गर्दी नको वाटते, पण तुमची पहिली राइड आहे, थांबा. दुसऱ्यांच्या बाइकवर सामान कसं बांधलंय ते बघायला मिळेल. शिवाय पहिला तासभर चालवल्यावर आपली बांधणी एकदा तपासावीच. सैल पडलेला पट्टा इथेच कळतो.

साताऱ्यात थांबण्यासारखं खूप आहे, पण मी जाताना थांबत नाही. कंदी पेढे येताना घ्या, नाहीतर गोव्याच्या उन्हात सॅडलबॅगमध्ये त्यांचा खवा होतो. कऱ्हाडच्या पुढे उसाचा मुलूख सुरू होतो आणि रस्त्याकडेला रसवंत्या लागतात. अर्ध्यांचं नाव कानिफनाथ, उरलेल्यांचं नवनाथ. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत असतील तिथे थांबायचं, रस ताजा असतो. बर्फ नको म्हणा, आलं-लिंबू टाकून घ्या. उसाचं नाव निघालंच आहे तर एक सांगतो. हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, कऱ्हाड-कोल्हापूर पट्ट्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या ऊस वाहत असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर लोंबणाऱ्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, झाकलेला. अंधारात त्या दिसतात तेव्हा फार जवळ आलेल्या असतात. हा पट्टा दिवसाच संपवा.

कोल्हापूर पुण्यापासून साधारण २३० किलोमीटर. पाचला निघालात तर दहाच्या सुमारास पोचता, आणि मिसळीची वेळ तीच असते. शिवाजी उद्यमनगरातली फडतरे मिसळ मला सगळ्यात आवडते. बावडा, चोरगे, खासबाग यांचे भक्त इथे येऊन मला शिव्या घालतील, घालू देत. उद्यमनगर हा कारखान्यांचा भाग. लेथ, फाउंड्री, वेल्डिंग यांच्या मधोमध मिसळ आहे, त्यामुळे क्लच केबलची कुरकुर असेल तर नाश्ता होईपर्यंत आसपास कोणीतरी बघून देणारा निघतो. मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडचे स्लाइस येतात. ते कटात बुडवायचे आणि मोडायच्या आत तोंडात घालायचे. कट जपून मागा. तिखट लागतं म्हणून नाही, पुढे चार तास सीटवर बसायचंय म्हणून. दुपारनंतर गेलात तर मिळेलच असं नाही.

कागल, निपाणी, उत्तूर, आजरा. हायवे सोडल्यावर रस्ता बारीक होतो आणि राइड खरी इथे सुरू होते. आजऱ्याच्या आधी टाकी भरून घ्या. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ प्रसिद्ध आहे, भौगोलिक मानांकन मिळालेला. किलोभर बाइकवर सहज मावतो, पण तोही येताना.

आंबोलीत सगळे धबधब्यापाशी थांबतात. मी थांबत नाही. तिथे माकडं आहेत आणि ती टँकबॅगची चेन उघडतात, फाडत नाहीत, उघडतात. पावसाळ्यातल्या रविवारी तर तिथे गाड्यांची अशी कोंडी होते की उतारावर क्लच धरून बोटं आखडतात. त्यापेक्षा घाट सुरू होण्याआधी, गावातच, एखाद्या टपरीवर थांबा. मला त्यांतली एक विशेष आवडते. तिला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगू शकत नाही. मावशी कांदाभजीचं पीठ आधी कालवून ठेवत नाहीत. गिऱ्हाईक आलं की कांदा उभा चिरतात, मीठ लावून जरा चुरतात, त्याला सुटलेल्या पाण्यातच मावेल तेवढं बेसन. वेगळं पाणी घालत नाहीत, म्हणून भजी शेवटपर्यंत कुरकुरीत राहतात. ओले हातमोजे त्या स्वतःच मागून घेतात आणि चुलीशेजारच्या दोरीवर टाकतात. चहा दोनदा होतो तोवर मोजे वाळत नाहीत, पण गरम होतात, आणि धुक्यात घाट उतरताना तेवढं पुरतं. पाऊस लागला असेल तर इथेच चेनला तेल द्या. आंबोली हे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी आहे, टपरीपर्यंत येईतो चेन धुऊन निघालेली असते.

सावंतवाडीत जेवण. अडीचच्या आत पोचा, खानावळी तुमच्यासाठी चार वाजेपर्यंत थांबणार नाहीत. भालेकर खानावळ सगळ्यांना माहीत आहे आणि नाव कमावण्यासारखीच आहे. बांगडा किंवा सुरमई, त्या दिवशी काय ताजं आहे ते विचारून. सोलकढी दोनदा घ्या, भात एकदाच. जेवल्यावर लगेच बाइकला किक मारू नका, मोती तलावाच्या काठावर वीस मिनिटं बसा. चितार आळीतली लाकडी खेळणी बघायला जाल तर फळांचे नग घ्या, कपड्यांत गुंडाळून सुखरूप येतात.

पुढे बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी. साठेक किलोमीटर, वाटेत थांबायचं कारण नाही.

आता बार. पणजीत फोंताइन्यश किंवा मळा या जुन्या वस्त्यांच्या बाजूला खोली घ्या. गल्ल्या अरुंद आहेत, बाइक एकदा लावली की सकाळपर्यंत हलवू नका, सगळं पायी पाच-दहा मिनिटांवर आहे. आंघोळ करा, मग जोसेफ बारला जा. बार म्हणजे काय, एक छोटी खोली. आत मोजकीच माणसं मावतात, बाकीचे ग्लास घेऊन बाहेर गल्लीत उभे. म्युझिकचा ठणाणा नाही, डीजे नाही, त्यामुळे दिवसभर कानात भरून राहिलेला इंजिनाचा आवाज हळूहळू उतरतो. शेजारी उभा असलेला माणूस पणजीचाच निघाला तर कुठून आलात हे विचारतो, आणि आंबोलीमार्गे म्हटलं की पावसाची चौकशी करतो.

मार्च ते मे या काळात गेलात तर हुर्राक मागा. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिली धार म्हणजे हुर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. हुर्राक सौम्य, पण टिकत नाही, म्हणून हंगाम संपला की संपली. ग्लासात बर्फ, हुर्राक, वरून लिम्का, पिळलेलं लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. मिरची टाकून देऊ नका, काम तीच करते. पहिल्या ग्लासाला सरबत वाटेल, म्हणूनच दुसऱ्याला जपा. दिवसभर घाम गेलेला असतो आणि पाणी कमी प्यालेलं असतं, त्यामुळे ती नेहमीपेक्षा लवकर चढते. नोव्हेंबरात जाल तर फेणी घ्या. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. वासाला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मीही पूर्वी मुरडायचो. कोकम घालून द्यायला सांगा, मग बघा.

कलंगुट-बागाचे बार मला विचारू नका. तिथून रात्री खोलीवर परतायला बाइकच काढावी लागते, आणि मग वरचा सगळा नियम पाण्यात.

सकाळी कॅफे भोसले. भाजी-पाव मागा, पातळ आणि सुकी मिक्स करून, सोबत मिरची आणि गोड बन. तिथे तुमचं टेबल असं काही नसतं. समोर सरकारी कचेरीतला कारकून येऊन बसेल आणि तुमच्या आधी खाऊन उठेल. तिथे जागा नसेल तर कॅफे ताटो, चवीत उणं नाही. हे दोन्ही मी कुठल्याही समुद्रकाठच्या 'बायकर कॅफे'पेक्षा वर ठेवतो. तिथे भिंतीवर जुनं हँडल टांगलेलं असतं आणि कॉफी तीनशे रुपयांना असते.

परतीला एकाच दिवसात पुणं गाठायचा हट्ट नको, कोल्हापुरात मुक्काम करा. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी तिथेच बांधलेल्या असतात. तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळ दूध ग्लासात देतात, कोमट, तापवलेलं नसलेलं. कच्चं दूध सोसत नसेल तर नुसतं बघा. रात्री तांबडा-पांढरा. पांढरा आधी प्यायचा, तांबडा नंतर, असं मी करतो. कोल्हापूरकर दोन्ही एकदम ओढतात आणि वाटी पुन्हा पुढे करतात.

आणि गोव्याहून निघताना स्वस्त मिळते म्हणून खंबा सॅडलबॅगमध्ये टाकू नका. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले बाइकच्या बॅगाही उघडून बघतात, आणि बाटलीबरोबर बाइकही अडकते.