नोंदणी एकाच्या नावावर, गाडी दुसऱ्याच्या दारात

वाहनांविषयीच्या या महिन्याच्या पत्रांमध्ये एक समान धागा आहे. गाडी जागा बदलते किंवा हात बदलते, पण तिचे कागद जुन्याच जागी राहतात. आरसी बुकावर एक नाव, विम्याच्या पॉलिसीवर दुसरे आणि स्टिअरिंगवर तिसराच माणूस, अशी स्थिती आपल्याकडे घरोघरी आढळते. अपघात होईपर्यंत तिचे काहीच वाटत नाही, म्हणून पुढील पत्रांना थोडे सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षे बेळगावला नोकरीत होता. तिथेच त्याने कर्जावर मोटार घेतली. ती केए-२२ पासिंगची आहे. जूनमध्ये त्याची पुण्याला बदली झाली. शेजारी सांगतात की वर्षभर काहीही करावे लागत नाही. एजंट म्हणतो, लगेच नंबर बदलून घ्या. विमा मार्चपर्यंत आहे. नेमके काय करावे? — एक वाचक, कोल्हापूर

शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यात झालेली नोंदणी संपूर्ण भारतात ग्राह्य असते, त्यामुळे केए पासिंगची गाडी पुण्यात दिसली म्हणजे गुन्हा झाला असे नाही. मात्र कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली गेली, तर मालकाने त्या राज्याचा नवा क्रमांक मागितलाच पाहिजे. गाडी महाराष्ट्रात कधी आली हे सिद्ध करण्याची वेळ आली तर आपल्याजवळ कागद हवा, म्हणून मुलाच्या बदलीचा आदेश आणि पुण्यातील भाडेकरार यांच्या प्रती गाडीच्या फाइलमध्ये आजच लावून ठेवाव्यात.

एजंटचे म्हणणे कायद्याने नाही, पण व्यवहाराने बरोबर आहे. कामाची सुरुवात पुण्यातून नव्हे, बेळगावातून होते. तिथल्या परिवहन कार्यालयाकडे फॉर्म २८ भरून ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजेच एनओसी, मागावी लागते. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यामुळे बँकेची लेखी संमती लागेल. दंडाची चलने थकलेली असतील तर ती आधी भरावी लागतील, आणि गाडी चोरीची नाही याची खातरजमाही केली जाईल. बँकेच्या एका पत्रासाठी महिना-दोन महिने जातात, असा अनेकांचा अनुभव आहे. अकराव्या महिन्यात जागे होणाऱ्याची मुदत तिथेच संपते.

एनओसी हाती आल्यावर पुण्यात फॉर्म २७ भरायचा. त्याबरोबर चासीस नंबरचा छाप द्यावा लागतो. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या अंकांवर कागद ठेवून त्यावरून पेन्सिल हलक्या हाताने तिरकी फिरवली की अंक कागदावर उमटतात; तो कागद अर्जाला जोडतात. हे काम स्वतः उभे राहून करून घ्यावे, कारण एखादा अंक अस्पष्ट उमटला तर अर्ज परत येतो. त्यानंतर गाडीची तपासणी होते आणि कर भरावा लागतो. महाराष्ट्रात नव्या पेट्रोल मोटारीचा एकरकमी कर किमतीप्रमाणे ११, १२ किंवा १३ टक्के आहे. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीला तो तिच्या वयाप्रमाणे कमी होतो. खरेदीचे मूळ बिल लागते, म्हणून ते सापडत नसेल तर विक्रेत्याकडून त्याची प्रत आधीच मिळवावी. कर्नाटकात आयुष्यभरासाठी भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, परंतु तो अर्ज नवा क्रमांक मिळाल्यावर आणि बेळगावच्या कार्यालयाकडे करायचा असतो. अनेक जण हा परतावा मागतच नाहीत. ती आपलीच रक्कम आहे, ती सोडू नये.

विमा मार्चपर्यंत चालू राहील, पण नवा क्रमांक आणि नवा पत्ता मिळताच विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी. थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा, हप्ता देशभर सारखाच असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ठरवताना मात्र विमा व्यवसायात देशाचे दोन विभाग मानले जातात. पुणे आणि मुंबई ‘अ’ विभागात येतात, बेळगाव ‘ब’ विभागात. त्यामुळे थोडा फरक भरावा लागू शकतो. तो वाचवण्यासाठी जुना पत्ता तसाच ठेवणे क्लेमच्या वेळी महागात पडते.

आणखी एक मार्ग तपासून पाहावा. मुलाच्या कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत असतील, अथवा तो सरकारी, सार्वजनिक उपक्रमाच्या किंवा संरक्षण दलाच्या सेवेत असेल, तर त्याला बीएच (भारत) मालिकेचा, म्हणजे कोणत्याही राज्यात चालणारा, क्रमांक घेता येतो. ही मालिका १५ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली, आणि पुढे डिसेंबर २०२२ मधील दुरुस्तीने आधीच नोंदलेल्या गाड्यांनाही ती खुली झाली. खासगी नोकरदाराला त्यासाठी कंपनीकडून फॉर्म ६० मध्ये दाखला आणावा लागतो. यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो आणि पुढच्या बदलीनंतर क्रमांक बदलावा लागत नाही. पुन्हा बदली होण्याची शक्यता असेल तर मी हाच मार्ग सुचवेन; पुण्यातच स्थायिक व्हायचे असेल तर सरळ महाराष्ट्राचा क्रमांक घ्यावा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी माझी मोटार ओळखीतल्या एका गृहस्थांना विकली. टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्मवर, सह्या करून, चावी आणि आरसी बुक देऊन मी मोकळा झालो. त्यांनी गाडी नावावर करून घेतलीच नाही. आता त्या गाडीने झालेल्या अपघाताबद्दल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस मला आली आहे. माझा काय संबंध? — एक वाचक, नाशिक

आपले पत्र वाचून फार वाईट वाटले, कारण आपण जे केले तेच बहुतेक लोक करतात. परंतु उत्तर स्पष्ट द्यायला हवे : कायद्याच्या दृष्टीने आपला संबंध आहे. कायद्यातील व्याख्येप्रमाणे ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हीच भूमिका घेतली. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली होती, पण नोंद कोणीच बदलली नव्हती. न्यायालयाने नोंदीवर नाव असलेल्या मूळ मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरले. अपघातात जखमी झालेल्याने किंवा मृताच्या वारसांनी गाडी कोणाकोणाच्या हातांतून गेली याचा माग काढत बसावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही. ही भूमिका विकणाऱ्याला कठोर वाटते, पण रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर ती न्याय्य आहे असे माझे मत आहे.

आता करायच्या गोष्टी. नोटिशीकडे दुर्लक्ष मुळीच करू नका. वकिलामार्फत ठरलेल्या तारखेला हजर व्हा आणि लेखी म्हणणे मांडा. विक्रीची पावती, पैसे बँकेतून आले असतील तर त्याचे विवरण, चावी दिल्याच्या तारखेचा एखादा संदेश, हे सर्व जमवा. घेणाऱ्या गृहस्थांना दाव्यात सामील करून घेण्याची मागणी करा. आणि सर्वांत आधी, अपघाताच्या दिवशी गाडीचा विमा चालू होता का ते शोधा, कारण यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली गेली की तिसऱ्या पक्षासाठीचा विमा आपोआप नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. पॉलिसी जुन्या नावावर असली तरी जिवंत असेल, तर त्रयस्थाची भरपाई विमा कंपनीवर येऊ शकते. पॉलिसी संपलेली असेल तर मात्र सगळा भार व्यक्तींवर येतो.

इतर वाचकांसाठी नियम सांगतो. विकणाऱ्याने फॉर्म २९ द्वारे परिवहन कार्यालयाला विक्री कळवायची असते. त्याच राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत, दुसऱ्या राज्यात झाली तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घेण्याचा अर्ज द्यायचा असतो. ही दोघांची वेगवेगळी कर्तव्ये आहेत, आणि घेणारा टाळाटाळ करतो म्हणून विकणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. मी स्वतः एकदा स्कूटर विकताना कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या. दलालाने ती स्कूटर कोणाला दिली हे मला कळलेच नाही, आणि जवळपास वर्षभर सिग्नल तोडल्याची चलने माझ्या मोबाइलवर येत राहिली. प्रत्येक संदेश आला की छातीत धस्स होई, कारण तो चलनाचा नसेल याची खात्री नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की फॉर्मवर घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख आणि वेळ आपल्यासमोर लिहून घ्या, सगळ्याची छायाप्रत ठेवा, आणि शक्य तर गाडी नावावर झाल्यावरच शेवटचा हप्ता घ्या. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी देत असाल तर त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची सूचना पोर्टलवर नोंदवण्याची सोय झाली आहे.

घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. कलम १५७ चे संरक्षण फक्त तिसऱ्या पक्षापुरते आहे. आरसी आपल्या नावावर झाली पण पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर राहिली, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, आपल्याला मिळत नाही. तो गाडीचा नसून माणसाचा असतो.

प्रश्न : माझी गाडी अकरा वर्षांची आहे. तिची किंमतच फारशी उरली नाही, मग फक्त थर्ड पार्टी विमा घेतला तर चालेल ना? — एक वाचक, सातारा

कायद्याला तेवढाच विमा पुरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाचे २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये, शिवाय वस्तू व सेवा कर, एवढा हा हप्ता आहे. आपल्या गाडीने कोणी दगावला किंवा जखमी झाला तर त्याच्या भरपाईला या विम्यात कमाल मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला ती साडेसात लाख रुपये आहे.

परंतु निर्णय घेताना लोक फक्त गाडीच्या पत्र्याचा विचार करतात आणि आत बसलेल्या माणसांना विसरतात. गणपतीला गावी जाताना गाडीत आपण, पत्नी, आई आणि दोन मुले असतात. खासगी मोटारीतून फुकट प्रवास करणारे हे सगळे जण केवळ थर्ड पार्टी पॉलिसीच्या अर्थाने ‘तिसरा पक्ष’ ठरत नाहीत, आणि तशी भूमिका सर्वोच्च न्यायालयानेही घेतलेली आहे. याउलट, लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात त्या सर्वसमावेशक पॉलिसीत हे प्रवासी धरलेले असतात, असे विमा नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये कंपन्यांना स्पष्ट केले आहे. म्हणजे घाटात गाडी कलंडली, दुसऱ्या कोणाचा दोष नसला, तर मागच्या सीटवरच्या आईसाठी एका पॉलिसीत भरपाई आहे आणि दुसऱ्या पॉलिसीत नाही. वाहन चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो, पण तो त्या एकाच व्यक्तीपुरता असतो.

म्हणून माझा सल्ला असा की गाडी फक्त बाजारापर्यंत, एकट्याने चालवत असाल तर थर्ड पार्टी विमा पुरे. कुटुंब घेऊन लांबचा प्रवास करत असाल तर जुन्या गाडीलाही सर्वसमावेशक पॉलिसी घ्यावी. गाडीची किंमत उतरल्यामुळे तिचा हप्ता तसाही कमी झालेला असतो.

प्रश्न : वडील मागच्या महिन्यात गेले. गाडी आणि विमा दोन्ही त्यांच्या नावावर आहेत. आम्ही गाडी वापरू शकतो का? — एक वाचक, सावंतवाडी

तीन महिने वापरू शकता, परंतु नियमाप्रमाणे मृत्यूची सूचना ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. ती राहिली असेल तर उद्याच द्यावी. तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी. आरसीवर नॉमिनीचे नाव असेल तर काम सोपे जाते. पॉलिसीही मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोपर्यंतच टिकते, म्हणून दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात करावेत. वडिलांचा नो क्लेम बोनस अशा प्रसंगी पत्नीला किंवा मुलांना मिळू शकतो. कंपनी स्वतःहून सांगत नाही, आपण मागावा लागतो.

प्रश्न : विमा संपून अठरा दिवस झाले. सवलतीचे दिवस मिळतात का? — एक वाचक, सोलापूर

नो क्लेम बोनस टिकवण्यासाठी ९० दिवस मिळतात. रस्त्यावर गाडी चालवण्यासाठी एकही दिवस मिळत नाही. विम्याविना गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये आहे. अपघात झालाच तर भरपाईची पूर्ण रक्कम आपल्या खिशातून जाईल. थर्ड पार्टी विमा घरबसल्या काही मिनिटांत निघतो. सर्वसमावेशक पॉलिसी हवी असेल तर कंपनी खंड पडलेल्या गाडीची आधी पाहणी करते. पॉलिसी हाती आल्यावर तिच्यावर छापलेली सुरू होण्याची तारीख आणि वेळ वाचावी, आणि ती वेळ उलटेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.